उणे बारा

डोंगरमाथ्याचं ठाणं
९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

हे पत्र जरा हळू आवाजात वाच. यात तुझ्याकडे मागणं आहे, आणि दादाच्या कानावर गेलं तर तो दिवसभर मिशीत हसत बसेल.

गेल्या वर्षी दरड कोसळली तेव्हा आमच्या ठाण्याचे विजेचे खांबही तिच्याबरोबर खाली गेले, हे तुला माहीतच आहे. आता वीज कंपनीने कळवलंय की एका बाईच्या दोन खोल्यांसाठी पुन्हा खांब चढवणं परवडणार नाही. जशी काही मी इथे पंखे लावून झोपाच काढते! मी डोंगराची नाडी बघत बसलेली असते. उतार केसभर जरी झुकला तरी माझ्या यंत्राची रेघ सरकते. उताराच्या पायथ्याशी रस्त्यावरच्या मजुरांची घरं आहेत, आपल्या जीपवाल्या काकांचंही त्यातच आहे. त्यांना वेळेवर 'पळा' म्हणता यावं, एवढ्यासाठी हे ठाणं.

मुख्यालयाने छपरावर सोलर पॅनेल बसवून दिलं, एक बॅटरी दिली, आणि कपाटाएवढ्या जुन्या कॉम्प्युटरच्या जागी एक पाटीएवढा कॉम्प्युटर पाठवला. हा फार कमी वीज खातो, अगदी शहाण्या पाहुण्यासारखा. पण कल मोजायचं यंत्र जुनंच आहे, आणि त्याला वीज दोन तऱ्हेची लागते. अधिक बारा व्होल्ट आणि उणे बारा व्होल्ट. डोंगर इकडेही झुकू शकतो आणि तिकडेही, म्हणून रेघेला शून्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडे जागा हवी. बॅटरी बिचारी अधिकच देते. उणे करून देणारा एक डबा मुख्यालयाने पाठवलाय, पण तो कॉम्प्युटर आणि यंत्र मिळून खातात त्याहून जास्त वीज एकटाच खातो. एक ढगाळ दिवस गेला की पहाटे बॅटरी रिकामी, आणि रेघ तुटलेली.

मी इथे आल्यापासून खांब पडेपर्यंत ही रेघ कधी तुटली नव्हती, वहिनी. आता दर आठवड्याला तुटते. मोठ्या साहेबांनी रेडिओवर स्पष्ट सांगितलं, पावसाळ्यापर्यंत रेघ अखंड चालली तर ठीक, नाहीतर ठाण्याला कुलूप लावा आणि खाली या. कुलूप लागलं तर उताराकडे बघायला कुणीच उरणार नाही. माझंही डोकं कुठे टेकायचं, हा प्रश्न आहेच.

तू वजनकाट्यांना वीज पुरवणाऱ्या डब्या बनवतेस. तुला उणे वीज करता येते का?

तुझीच,
नणंद (आगाऊ)

*

घर, जेवणाचं टेबल
२० फेब्रुवारी

श्रीमती वन्संबाई,

'करता येते का?' असं तुम्ही मला विचारलंत? या शहरातल्या निम्म्या दुकानांत जे काही तोललं जातं ते माझ्या विजेवर तोललं जातं. काटा कुठे चुकत असेल तर तो दुकानदाराचा अंगठा, माझी वीज नव्हे. पत्र वाचून मी अर्धा तास तुमच्यावर रागावले. तुमचे बंधुराज मध्येच म्हणाले, "उणे वीज म्हणजे मीटर उलटा फिरतो का? मग आपल्याकडेही लाव की!" म्हणून उरलेला राग त्यांच्यावर काढला.

खरं सांगते, उणे मी आजवर केलेलं नव्हतं. वजनकाट्याला लागतच नाही. पण येत नाही म्हणायला माझी जीभ वळली नसती. दोन दिवस डोकं खाजवलं, तिसऱ्या दिवशी टेबलावरची ताटं उचलायला लावून कामाला बसले.

यांना असं समजावलं. आपण जिन्यातल्या ज्या मजल्याला तळमजला म्हणू, तो शून्य. वर बारा पायऱ्या चढलं की अधिक बारा, खाली तळघरात बारा पायऱ्या उतरलं की उणे बारा. तळघरातला माणूस काही उणा माणूस नसतो, फक्त खाली असतो. हे म्हणाले, "कळलं." चेहऱ्यावरून वाटलं नाही.

आता तळघरात वीज पोचवायची कशी, ते ऐका. तारेच्या कॉइलमध्ये वीज सोडायची आणि झटक्यात तोडायची. तोडली की कॉइल चिडते आणि साठवलेलं सगळं बाहेर फेकते. त्याच कॉइलवर दुसरी तार उलट्या दिशेने गुंडाळली, की तो राग शून्याच्या खाली जाऊन पडतो. असं तिला सेकंदाला हजारो वेळा चिडवायचं. चिडलेल्याला सांभाळून घेण्यात माझा हात तुमच्या घरी आल्यापासूनच बसलेला आहे, त्यामुळे फार अवघड गेलं नाही.

तुमच्या बॅटरीची काळजी म्हणून काटकसरही केली. अधिक बाजूवर एक राखणदार चिप बसवली आहे, ती व्होल्ट बाराच्या वर-खाली होऊ देत नाही. उणे बाजूवर राखणदार ठेवला नाही, कारण तोही फुकट वीज खातो. दोन्ही तारा एकाच कॉइलवर आहेत. थोरली शिस्तीत चालली की धाकटी तिच्या पावलावर पाऊल ठेवून येतेच.

माझी रीत तुम्हाला माहीत आहे. परीक्षेला बसल्याशिवाय माझ्या घरातून डबी बाहेर पडत नाही. टोपलीखाली झाकून, दोन्ही बाजूंना अगदी एकसारखे बल्ब लावून रात्रभर तापवली. दोन मुलं वाढवलेल्या बाईचा हात आहे हा, एकीला जेवढं तेवढंच दुसरीला. सकाळी मीटर लावला, अधिक बारा, उणे बारा. दोन्हीकडे सुईसुद्धा हलली नाही.

डबी साबणाच्या वडीएवढी आहे. काकांना म्हणावं, मांडीवर घेऊन या, टपावर नको.

तुमची,
वहिनी (येतं तिला)

*

ठाणं
११ मार्च

वहिनी गं वहिनी,

चालली! तुझी डबी जोडली त्या दिवसापासून रेघ एकदाही तुटलेली नाही. मधे लागोपाठ ढगाळ दिवस आले, मी बॅटरीकडे आजारी माणसाकडे बघावं तशी बघत होते, पण ती ठणठणीत. आल्याआल्या मीटर लावला होता. उणे बारा, चोख. मी त्या डबीला यंत्राशेजारच्या फळीवर एकटीला जागा दिली आहे. शेजारी दुसरं काही ठेवत नाही, तिचा मान जातो.

साहेबांनी रेडिओवर विचारलं, "कुठल्या कारखान्याची?" मी म्हटलं, "आमच्या घरची." ते म्हणाले, "म्हणजे?" मी म्हटलं, "माझ्या वहिनीच्या जेवणाच्या टेबलावरची." त्यांनी ते मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. म्हणताना मला काय वाटलं सांगू? कॉलेजात पहिला नंबर आला होता तेव्हाही एवढी ताठ मान करून चालले नव्हते.

वीज उरते म्हणून मी आता चैन करते. पूर्वी कॉम्प्युटरचा पडदा मी बंदच ठेवायची, दिवसातून एकदाच झटकन रेघ बघून घ्यायची. आता सकाळी चहाचा कप घेऊन पडदा लावते आणि निवांत डोंगराशी गप्पा मारते. संध्याकाळीही लावते.

त्यात एक गंमत दिसली. सकाळी आणि संध्याकाळी डोंगर किंचित दरीकडे झुकलेला असतो. मग सरळ होतो. कोवळ्या उन्हाने खडक फुगत असावा. मुख्यालयाला कळवलंय, तेही कौतुकाने बघताहेत.

तुझी,
मान ताठ झालेली नणंद

*

घर
१९ मार्च

वन्संबाई,

तुमचं पत्र यांनी मोठ्याने वाचलं, मग शेजारणीला वाचून दाखवलं, मग दाढी करायला गेले तिथे तोंडी सांगितलं. आता गल्लीत सगळे मला 'डोंगराच्या बाई' म्हणतात. मी वरवर "पुरे आता" म्हणते. मनातून अजून दोन-चार गल्ल्यांत कळलं तरी चालेल.

फळीवर एकटीला जागा दिलीत हे चांगलं केलंत, तिला वाराही लागेल. डोंगराला म्हणावं, पाहुणे बघतात तेव्हा सरळ बसावं.

वजनकाट्याच्या डब्या तुंबल्या आहेत, म्हणून थोडक्यात आवरते.

वहिनी

*

ठाणं
२ एप्रिल

प्रिय वहिनी,

आज थट्टा नाही. उतार हलतोय.

मागे कळवलं होतं ते सकाळ-संध्याकाळचं झुकणं आता तेवढ्यावर राहिलेलं नाही. गेल्या आठवड्यात मला शंका आली म्हणून दुपारीही पडदा लावून बघितलं, तर दुपारीही झुकलेला. मग मी यंत्रासमोरून हललेच नाही. आता दिवसभर पडद्यासमोर बसून असते, आणि दिवसभर तो दरीकडे झुकलेला असतो. पहाटे मी उठायच्या आधीची रेघ तेवढी सरळ असते, जणू रात्री विसावा घेतो आणि मी उठले की पुन्हा कलतो. असा प्रकार मी इतक्या वर्षांत पाहिलेला नाही.

साहेबांनी काल विचारलं, "बाई, नवा वीजपुरवठा नीट आहे ना? बदल त्यानंतरच सुरू झालाय." माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "साहेब, पहिल्या दिवशी मी स्वतः मीटर लावलाय, उणे बारा होतं. आणि लावला नसता तरी सांगते, डोंगर हलेल, पण माझ्या वहिनीची वीज हलणार नाही." त्यांनी माझा शब्द मानला. एवढ्या वर्षांत मी त्यांना चुकीचं काही कळवलेलं नाही, म्हणून मानला.

ते चौदा तारखेला मोजणीची माणसं घेऊन येताहेत, आणि त्याच दिवशी घरं रिकामी करायचा हुकूम निघेल. खाली बांधाबांध सुरू झाली आहे. काकांनी कपाटाला दोरी बांधून ठेवली आहे. त्यांच्या सुनेला दिवस गेलेत, तिला माहेरी पाठवताहेत. माझ्याकडे सगळे असे बघतात की जेवण जात नाही. पण एक समाधान आहे, ठाणं होतं म्हणून कळलं. तुझी डबी होती म्हणून ठाणं होतं. हे मी साहेबांसमोर बोलून दाखवणार आहे.

तुझी

*

घर
७ एप्रिल

वन्सं,

बाई वगैरे आज नाही. हे पत्र काकांच्या हाती देते आहे, उभ्या उभ्या वाचा.

डोंगर जागचा हललेला नाही. हलली आहे ती माझी वीज.

तुमचं पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा छाती फुगली. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हातातली तारा जोडायची तापलेली सोल्डरिंगची सळई टेबलावर तशीच राहिली, टेबल जळलं. तुम्ही पडदा लावता तेव्हा डोंगर झुकतो. तुम्ही झोपता तेव्हा सरळ होतो. तुम्ही दिवसभर बघता, तो दिवसभर झुकलेला. वन्सं, डोंगर काय तुम्हाला लाजतो?

पडदाही डबीच्याच अधिक बाजूची वीज खातो. तो लावला की अधिकवर ओझं पडतं. राखणदार कॉइलला म्हणतो, जोर लाव. कॉइल जोर लावते, पण तो जोर दोन्ही तारांत जातो. अधिक बाजूला तो खपतो, उणे बाजूवर तुमचं ते यंत्र तर चिमणीएवढं खातं, मग तिथे तो साठतो. उणे बाराचं उणे चौदा होतं, पंधरा होतं. शून्याच्या खालचा खड्डा खोल झाला की रेघ तिकडे घसरते, आणि तुम्हाला दिसतं की डोंगर कलला. तुम्ही मीटर लावलात तेव्हा पडदा बंद असणार. म्हणून बारा दिसलं.

टोपलीखाली हे मला कळायला हवं होतं. पण मी दोन्हीकडे सारखे बल्ब लावले. सारख्या ओझ्याखाली दोघीही शहाण्या वागतात. जगात कुणाला सारखं ओझं असतं? दोन मुलं वाढवून हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. एकाला कायम भूक आणि दुसरा ताटाला हात लावत नाही, असंच चालायचं. मायेच्या भरात मी परीक्षाच सोपी काढली.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. आपण दोघींनी मिळून आख्खा डोंगर वाकडा ठरवला.

आधी खात्री करून घ्या. उणे बाजूला मीटर धरा, पडदा लावा, बंद करा, पुन्हा लावा. आकडा नाचताना दिसेल.

मुख्यालयाला मी इथून फोन करू शकते. नंबर यांनी शोधून दिला आहे, समोर पडलाय. पण केला नाही. ठाणं तुमचं, शब्द तुमचा, सांगायचं तर तुम्हीच सांगाल. हे म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. गुपचूप नवी डबी पाठव, डोंगर आपोआप सरळ होईल." मी म्हटलं, माझ्या नणंदेला असलं सुचवायचं असेल तर पत्र तुम्ही लिहा. त्यांनी लिहिलं नाही. मग खाली मान घालून मला तार सोलून दिली.

सोबत दुसरी डबी आहे. उणे बाजूलाही स्वतःचा राखणदार दिला आहे, चिमूटभर वीज जास्त खाईल. ही परीक्षा मी उलटीसुलटी घेतली. एकीला मोठा बल्ब, दुसरीला जवळजवळ काहीच नाही, मग उलट. रडवलं तिला. हलली नाही.

साहेब ठाणं बंद करतील अशी भीती तुमच्यापेक्षा मला जास्त आहे. तरीही सांगा.

वहिनी

*

ठाणं
१७ एप्रिल

वहिनी,

पत्र वाचून मी आधी तुझ्यावर रागावले. पडदा लावला, मीटर धरला, आकडा पंधराकडे सरकताना पाहिला, आणि आणखी रागावले. मग जुनी डबी काढून नवी लावली. पडदा लावला, रेघ जागची हलली नाही. डोंगर खिळ्यासारखा सरळ. मी खुर्चीत बसून हसले की रडले, मलाच कळलं नाही.

साहेबांना रेडिओवर लगेच सांगितलं. "चूक आमच्या विजेची आहे, उताराची नाही. येऊन खात्री करा." ते एवढंच म्हणाले, "येतोच आहे." आवाजावरून काही कळेना. मग मी उतार उतरून घरोघर गेले. उंबऱ्यात उभं राहून प्रत्येकाला सांगितलं, लांडगा आला म्हणून ओरडले ती मीच, आणि लांडगा नव्हता. एक म्हातारी म्हणाली, "बरं झालं सांगितलंस, गप्प बसली असतीस तर पुढच्या वेळी तुझं ऐकलं नसतं." काकांनी कपाटाची दोरी सोडली आणि तीन वेळा मान हलवली. सुनेला माहेराहून आणायला आता पुन्हा जीप.

चौदाला साहेब आले. मी त्यांना काही समजावलं नाही. जुनी डबी लावून पडदा चालू-बंद केला, मग नवी लावून केला. त्यांनी स्वतः तीनदा करून बघितलं. ते हुशार आहेत, दुसऱ्यांदाच सगळं उमगलं. त्यांनी कॉइल कशी गुंडाळलीय ते भिंगातून बघितलं आणि म्हणाले, "हात सुरेख आहे." मग बाहेर ओट्यावर बसले. मी चहा नेला. मनात कुलपाची किल्ली कुठे ठेवलीय ते आठवत होते.

ते म्हणाले, "बाई, माझ्याकडे बरीच ठाणी आहेत. रेघ वाकडी आली की प्रत्येकजण म्हणतो, आमच्याकडे सगळं ठीक आहे. स्वतःविरुद्ध कळवणारं ठाणं मला आजवर मिळालं नव्हतं. पावसाळाभर चालू द्या. पावसाळा नीट गेला तर कायमचं."

निघताना अहवालात लिहायला त्यांनी डबीचं नाव विचारलं. मी म्हटलं, नाव काही नाही, वहिनीने केलीय. त्यांच्या मदतनिसाने तेच लिहून घेतलं. काल मुख्यालयाचं पत्र आलं, शिक्क्यासकट. नक्कल सोबत आहे, तरी वाचून दाखवते: 'ज्या ठाण्यांवर सोलर वीज आहे अशा प्रत्येक ठाण्यास एक वहिनी देण्यात यावी.'

दादाला हे सांगताना त्याच्या हातात चहा असू देऊ नकोस.

तुझी,
नणंद

*

घर
२९ एप्रिल

वन्संबाई,

चहा हातातच होता. यांना लेंगा बदलावा लागला.

दर ठाण्यावर एक वहिनी! आणि वन्सं एकच. आता मला कळलं मी का थकते.

सरकारी पत्र यांनी चौकट करून लावायला काढलं होतं. मी म्हटलं, आधी तुमच्या बहिणीचं ते वाक्य लावा, 'डोंगर हलेल, पण वहिनीची वीज हलणार नाही.' चुकीचं निघालं म्हणून काय झालं? माझ्यासाठी मुख्यालयाशी असं भांडलेलं माणूस मला दुसरं मिळायचं नाही. मला त्या वाक्याचा अभिमान आहे, आणि ते खरं करून दाखवायचं आहे.

टोपलीखालचे जुने जुळे बल्ब मी काढून टाकले. आता एक मोठा, एक इवलासा. मागणी आलेल्या डब्या अशाच तावून सुलाखून निघतील. जिची उणे बाजू एवढीशीही हलेल, ती वजनकाट्यालासुद्धा द्यायची नाही असं ठरवलंय. तुमच्या डबीवर मात्र माझं लक्ष आहे. पावसात ढग दाटले, बॅटरी उतरली, की मीटर लावून कळवत जा. बॅटरी कमी झाली तरी बारा हवं, ओझं वाढलं तरी बारा हवं. नसेल तर मी स्वतः चढून येईन. गुडघे कुरकुरतील, पण येईन.

वहिनी

*

ठाणं
२३ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

हे पत्र लांबेल. कागद गुडघ्यावर ठेवून लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर दादाला विचार, त्याला माझं लहानपणचं अक्षर वाचायची सवय आहे.

पाऊस आठवडाभर थांबलाच नव्हता. सोमवारी सकाळी मी पडदा लावला, तर रेघ दरीकडे सरकलेली. पहिला विचार काय आला असेल? डोंगराचा नाही. तुझा. मी पडदा बंद केला, थोडा वेळ बाहेर पावसात उभी राहिले आणि परत आत येऊन लावला. मी बघत नव्हते तेव्हाची रेघही सरकलेलीच होती. आणि आणखी सरकत होती.

रेडिओ लावला. साहेबच बोलायला आले. मी आकडा सांगितला. माझी खात्री आहे का, असं त्यांनी विचारलं नाही. एवढंच विचारलं,

"वहिनी किती दाखवते?"

मीटर माझ्या हातातच होता. म्हटलं, "पडदा बंद, उणे बारा. पडदा लावून, उणे बारा. आत्ता रेडिओ चालू आहे, बॅटरी अर्ध्यावर आहे, तरी उणे बारा."

"मग घरं रिकामी करा," ते म्हणाले.

एवढंच. त्यांनी माणसं पाठवून खात्री करून घेतली असती तर दुपार झाली असती. मी छत्रीसुद्धा न घेता खाली धावले. मला वाटलं होतं विनवावं लागेल, मागच्या वेळचं सगळे काढतील. पहिल्याच घरात ती म्हातारी होती. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "यावेळी वीज बघितलीस?" मी म्हटलं, "बघितली." तिने चुलीवरचं भांडं खाली उतरवलं आणि नातवाला उचललं. मग पुढच्या घरात कुणी काही विचारलंच नाही. मागच्या वाटेने वर ठाण्याकडे यायला काकांनी जीप काढली, सुनेला आणि तिच्या तान्ह्याला पुढे बसवलं, कपाटाकडे वळूनही बघितलं नाही.

दुपारी जेवायच्या सुमाराला उतार सुटला. आवाज कसा होता ते मी लिहिणार नाही. दगड आणि पाणी थांबल्यावर पाहिलं, घरांच्या जागी नुसता चिखल होता, काकांचं दार एवढं एका दगडावर आडवं पडलेलं दिसत होतं. माणूस एकही कमी नव्हता. मी मोजले, काकांनी मोजले, म्हातारीने बोटांवर मोजले. सगळे होते.

सगळी माणसं आता माझ्या दोन खोल्यांत आहेत. ओले कपडे रेडिओच्या तारेवर वाळत आहेत, तान्हं माझ्या टेबलाखाली झोपलंय, आणि हे पत्र मी पायरीवर बसून लिहिते आहे. साहेबांचा संध्याकाळी निरोप आला. ठाणं बंद व्हायचा प्रश्न आता कुणी काढणार नाही, आणि नवी घरं कुठे बांधायची तेही माझी रेघ बघून ठरेल. मी 'बरं' म्हटलं.

मला फार अभिमान वाटतो आहे, वहिनी. तो लपवायचा कसा ते कळत नाही, आणि लपवायची इच्छाही नाही.

सगळे जरा सावरल्यावर काका आत आले. सोमवारचं ते रेडिओवरचं बोलणं एव्हाना सगळ्यांच्या कानावर गेलं होतं. फळीवरची डबी त्यांनी हात न लावता नुसती वाकून बघितली. त्यांच्या मागे म्हातारी, तिच्यामागे बाकीचे. काकांनी मला विचारलं, "ही का ती वहिनी?"

मी म्हटलं, "नाही काका. ही तिची डबी. वहिनी खाली शहरात असते, आणि ती माझी आहे."

तुझी,
नणंद